पंखा, चादर आणि 192 किलोहर्ट्झ

प्रश्न : साखर पेठेतील आमच्या घरी बारा बाय चौदाच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर व दोन स्पीकर आहेत. आयफोनवरून ब्लूटूथने ख्यालगायन आणि जुनी भावगीते ऐकतो. हाय-रेझसाठी, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या संगीतासाठी, अ‍ॅपल म्युझिक, स्पॉटिफाय, टायडल आणि कोबझ यांपैकी कोणती सेवा घ्यावी? 192 किलोहर्ट्झचा फरक खरोखर ऐकू येतो का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : टायडल आणि कोबझ या सेवा भारतात अधिकृतपणे उपलब्ध नसल्यामुळे परदेशी पत्ता देऊन खाते उघडण्याची खटपट मी सुचवणार नाही. उरलेल्या दोघींपैकी अ‍ॅपलने 2021 पासून नेहमीच्याच वर्गणीत 24 बिट, 192 किलोहर्ट्झपर्यंतचे लॉसलेस, म्हणजे मूळ ध्वनीतले काहीही न गाळलेले, संगीत दिले आहे (किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ध्वनीचे किती हजार नमुने घेतले आणि बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला). स्पॉटिफायची लॉसलेस सोय सप्टेंबर 2025 मध्ये आली आणि ती 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झवर थांबते. आपल्याकडे आयफोन आहेच, तेव्हा अ‍ॅपल घ्यावे. मात्र ब्लूटूथवर आवाज पुन्हा आक्रसून पाठवला जात असल्याने आपण सध्या लॉसलेससुद्धा ऐकत नाही, हाय-रेझ तर दूरच. फोन आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये तारेने जोडलेला यूएसबी डॅक (डिजिटल आकड्यांचे ध्वनीच्या विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण) हवा आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लॉसलेसचा पर्यायही सुरू करावा लागतो. इंटरनेटची मर्यादा असल्यास हेही ध्यानात घ्यावे की तीन मिनिटांचे एक गाणे 24 बिट, 48 किलोहर्ट्झच्या लॉसलेसमध्ये सुमारे 36 एमबी, तर 192 किलोहर्ट्झला 145 एमबीपर्यंत जाते.

आता फरकाविषयी. सीडीचे 44.1 किलोहर्ट्झ नमुने त्यांच्या निम्म्या, म्हणजे साधारण 22 किलोहर्ट्झ कंपनांपर्यंतचे ध्वनी टिपतात आणि तरुण, निरोगी कानाची मर्यादाही 20 च्या आसपासच असते (पन्नाशीत ती बरीच खाली येते, हे मी स्वतःकडे पाहून लिहितो). सीडीच्या 16 बिटांत अगदी हलक्या आणि मोठ्यात मोठ्या आवाजामध्ये सुमारे 96 डेसिबलचे अंतर सामावते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून गाणे ऐकणारा मनुष्य मला अजून भेटलेला नाही. पंख्याची घरघर 40 डेसिबल धरली, तर त्यावर 96 डेसिबल चढवताच आकडा 136 वर, म्हणजे कान दुखण्याच्या पलीकडे जातो. शेजारी यंत्रमाग चालू असेल, तर हिशेब मांडायलाच नको. 24 बिटांचा खरा उपयोग ध्वनिमुद्रण आणि संपादन करणाऱ्यांना होतो.

त्यापेक्षा खोलीकडे पाहावे. शहाबादी फरशी आणि मोकळ्या भिंती यांमुळे तानेतील स्वर एकमेकांत मिसळतात. जाड सोलापुरी चादर स्पीकरसमोरच्या भिंतीपासून चार बोटे सोडून चुण्या पाडून टांगल्यास वरच्या पट्टीतील प्रतिध्वनी कमी होईल. खर्जावर तिचा फारसा परिणाम होणार नाही, त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढावेत.

जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरील गाण्यांत मुळातच वरचे ध्वनी नाहीत, त्यामुळे अशा ठिकाणी हाय-रेझची पाटी पाहण्यापेक्षा खरखर काढताना आवाजातील प्राण कोणी राखला आहे, हे पाहावे. एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या असतील, तर आवाजाची पातळी समान करून, माग थांबल्यावर रात्री, कोणती चालू आहे हे न सांगता घरच्यांकडून लावून घ्याव्यात आणि ओळखता आली नाही, तर सीडीच्या दर्जावर खुशाल थांबावे.