नववीत नापास! शाळेत जाऊन बोलू का?

मे महिना लागला की पालक हाच प्रश्न घेऊन येतात. सोलापूरच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार मुलाला घेऊन आले होते (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). गणितात लेखी ८० पैकी ९, अंतर्गत १४. पासाला ३५ लागतात, झाले २३. "काय तर करा मॅडम, शाळेला सांगून वर ढकला. वर्ष वाया जाईल."

मी उत्तरपत्रिका मागवली. गेलेल्या प्रत्येक मार्कापुढं मुलानंच खूण करायची: येतच नव्हतं, येत होतं पण घसरलो, की सोडूनच दिलं. बहुपदींच्या वजाबाकीत कंसाबाहेर उणे, आतली चिन्हं जशीच्या तशी. एका कोपऱ्यात १/२ + १/३ = २/५. हे दुखणं नववीचं नव्हतंच. शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतचं नापास करणं थांबवलं ते मुलांची शाळा सुटू नये म्हणून, आणि ते योग्यच होतं. पाचवी-आठवीला आता परीक्षा आली आहे. पण 'पास' वाचून 'येतंय' समजायची घरोघरची सवय तशीच आहे.

वडिलांना विचारलं, "ताण्याचा धागा तुटला तर माग चालू ठेवता?"

"छे! बंद करून गाठ मारायची. नाहीतर कापडभर रेघ जाते."

बोलता बोलता ते थांबले. मुलाकडं बघत राहिले. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, "मी ढ आहे म्हणून नाही पप्पा. मला अपूर्णांक येत नाहीत. सहावीपासून."

मला हवं होतं ते एवढंच वाक्य. 'मी ढ आहे' यावर कुणाकडंच इलाज नसतो, 'अपूर्णांक येत नाहीत' यावर असतो.

शाळेत जायचंच तर मार्क मागायला नको, उत्तरपत्रिका बघायला आणि पुनर्परीक्षेची तारीख विचारायला जा. रोज चाळीस मिनिटं, पाच गणितं: तीन जुन्या इयत्तेची, दोन नववीची. चुकलेलं गणित त्याच दिवशी गाइडमध्ये बघू देऊ नका. वाचून समजल्यासारखं वाटतं आणि हात तिथंच अडतो. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा. तुम्ही फक्त "कुठल्या ओळीत चुकलं?" विचारा, उत्तर सांगू नका.

निकालानंतरचे दोन दिवस मात्र चुलतभावाचे टक्के काढू नका. मूल जेवेना, झोपेना, "जगून काय करू" म्हणालं तर अभ्यास बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर लगेच फोन करा.