पाऊस उघडत नाही, मुलांना रमवायचे कसे?

प्रश्न : आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. आषाढात आठ-आठ दिवस पाऊस उघडत नाही आणि चार वर्षांची मुलगी व दीड वर्षाचा मुलगा घरातच अडकतात. मोबाईल न देता त्यांना कसे रमवावे?

उत्तर : ताई, मुले कंटाळतात त्यापेक्षा अधिक ती हालचालीवाचून कासावीस होतात, असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार या वयात दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे शारीरिक हालचाल हवी. म्हणून सकाळीच ओटीवर किंवा माजघरात उशा मांडून त्यांवरून उड्या, लंगडी, बेडूकउड्या असे खेळ घ्यावेत.

त्यानंतर मुले बैठ्या खेळात सहज रमतात. पोळ्या लाटताना मुलीला कणकेचा गोळा आणि छोटे लाटणे द्यावे, कारण आईच्या शेजारी बसून तेच काम करण्यात तिला जो आनंद मिळतो, तो महागड्या खेळण्यातही क्वचितच असतो. चिंचोके मोजणे, त्यांची नक्षी मांडणे तिला आवडेल. मात्र चिंचोके, मणी, सागरगोटे धाकट्याच्या हाती लागू देऊ नयेत, ते घशात अडकण्याचा धोका असतो. त्याला डबे, झाकणे आणि पळी पुरेशी आहेत. आवाज होईल, तो सोसावा.

वीज गेली तर विजेरीच्या उजेडात भिंतीवर हातांच्या सावल्यांचे हरीण, पक्षी करून दाखवावेत. आणि पाऊस थोडा ओसरला, विजा चमकत नसल्या, तर पागोळ्यांखाली मुलांना दहा मिनिटे खुशाल भिजू द्यावे.