विंदालूत बटाटा कुठून आला?

प्रश्न : आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. कोपऱ्यावरच्या इंडियन टेकअवेतून सहा वर्षं दर शुक्रवारी जेवण आणतो. मद्रास, भुना, विंदालू, काहीही मागवा, रस्सा एकाच चवीचा! आणि विंदालूत बटाटा! माहेर म्हापशाचं, त्यामुळे फार जिवाला लागतं. असं का?
— एक वाचक

उत्तर : ताई, तुमची जीभ बरोबर सांगतेय. तिथली बरीचशी इंडियन टेकअवे बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या कुटुंबांची. कांदा भरपूर पाण्यात शिजवून, घोटून केलेली पातळ ग्रेव्ही पातेलंभर आधीच तयार असते. ऑर्डर आली की तेलात मसाला, वर दोन डाव ग्रेव्ही, झालं. मद्रासमध्ये फक्त तिखट जास्त. विंदालू मूळचं पोर्तुगीज, वाइन नि लसणात मुरवलेलं मांस. गोव्यात वाइनच्या जागी व्हिनेगर आलं. ‘आलू’ ऐकून बटाटा पडला, असं म्हणतात.

मी ओल्डहॅमला होते तेव्हा काउंटरवरच्या काकांना विचारलं, ‘तुम्ही स्वतः काय जेवता?’ त्यांनी आतून वाटीभर मटण आणलं, शातकोरा या जाड सालीच्या लिंबाच्या फोडी घातलेलं. किंचित कडवट, सुगंधी. ती चव अजून जिभेवर आहे! या शुक्रवारी तुम्हीही विचाराच.