ओझं उचल

प्रिय,

रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी वाचला. तुझं स्मार्ट घड्याळ म्हणतं तुझ्या शरीराचं वय 38, आणि तू आहेस 31ची. सोबत व्यायामाचे तीन तक्ते, पावडरींच्या दोन डब्यांचे फोटो आणि खाली एक ओळ : "काकू, तिशी उलटली, मेटाबॉलिझम मंदावलं, आता उतरणच ना? यातलं काय करू?"

हे तीन तक्ते तू चार महिन्यांत जमवलेस. एकही दोन आठवड्यांच्या वर केला नाहीस, हे तू लिहिलं नाहीस पण माझ्या लेकीने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं.

आधी ते मेटाबॉलिझम निकालात काढू. 2021मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 29 देशांतली 6,400हून जास्त माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत. शरीर रोज किती ऊर्जा जाळतं ते मोजलं. अंगाचा आकार आणि त्यातली चरबी-स्नायूंची वाटणी हिशेबात धरली, तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ सपाट राहतो. उतरतो तो साठीनंतर, वर्षाला साधारण 0.7 टक्के. तेव्हा तुझं मेटाबॉलिझम जागच्या जागी आहे. कमी झालं असेल तर तुझं हलणं, आणि त्याहून जास्त तुझं उचलणं. शेवटचं जड काही कधी उचललंस? बॅगसुद्धा चाकांची आहे तुझी.

मला सांगायचंय ते एवढंच : ओझं उचल. पुढचं नाही वाचलंस तरी चालेल. (वाच पण.)

मी वीस वर्षं रोज चालले. पाऊस असो, पाहुणे असोत, पहाटेचा पाऊण तास चुकला नाही. विशीत 51 किलो होते, पन्नाशीतही 51च. ओळखीच्या बायका "तू कशी गं तशीच राहिलीस" म्हणायच्या, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागायचं. 49व्या वर्षी पाळी गेली. 54व्या वर्षी घरातल्याच ओल्या फरशीवर पाय सरकला. उभ्या जागी पडले, हात टेकला, मनगट मोडलं. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, माझं वय विचारलं आणि हाडांची घनता मोजायला पाठवलं. टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे 2.8. उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात.

आकडा मी पचवला. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तेव्हा मात्र माझं तोंड उतरलं. आतून जो हात निघाला तो माझा वाटेना. कातडी कोंड्यासारखी सुटत होती आणि कोपराखालचा भाग दुसऱ्या हातापेक्षा डोळ्यांना दिसेल इतका बारीक झाला होता. फिजिओथेरपिस्ट पोरगी तुझ्याच वयाची. तिने आधी स्पंजचा चेंडू दाबायला दिला, मग काही दिवसांनी अर्ध्या किलोचं डंबेल हातात ठेवलं. मनगट थरथरायला लागलं. अर्धा किलो! वीस वर्षं न चुकता चालणारी बाई मी.

ती पोरगी सहज म्हणाली, "हाताला सहा आठवडे काम नव्हतं, त्याने सामान आवरून ठेवलं." हे वाक्य मी तिच्याकडून उचललंय, माझं नाही. अंगाला काम सांगितलं नाही की अंग सामान आवरतं. बारा वर्षं झाली, मी तेच वाक्य सगळ्यांच्या डोक्यावर आपटत असते.

आणि हे वयावर ढकलू नकोस. 1966मध्ये डॅलसला विशीतल्या पाच निरोगी पोरांना तीन आठवडे बिछान्यात पडून राहायला लावलं होतं. तीस वर्षांनी, पन्नाशीला आल्यावर, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. दमसास जितका त्या तीन आठवड्यांत गेला होता, तितका तीस वर्षांच्या वयानेही नेला नव्हता. म्हणजे उतरण कुठली, तर पडून राहण्याची. तू आठवड्याचे पाच दिवस खुर्चीत बसतेस आणि शनिवारी-रविवारी थकवा घालवायला पलंगावर बसतेस. घड्याळाने 38 सांगितलं ते कशावरून काढलं मला माहीत नाही. मला तर ते सौम्यच वाटलं.

आता वयाकडे जो खरा हिशेब लागतो तो बघ. तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटत जातात, साठीनंतर वेग वाढतो. ताकद तर त्याहून भराभर जाते. त्यातही झटकन आकसणारे तंतू आधी जातात, म्हणजे ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकून तोल सावरतो ते. म्हातारी माणसं पडतात ती हळू चालतात म्हणून नाही, सावरता येत नाही म्हणून. हाडांचा जास्तीत जास्त साठा तिशीच्या आसपास भरून होतो. तुला यापुढे आहे ते राखायचंय, आणि बायकांना पाळी जाण्याच्या आगेमागे काही वर्षं हाड फार वेगाने उतरतं. त्या वर्षांत तू कुठल्या उंचीवरून उतरायला लागतेस ते आत्ता ठरतंय. आत्ता, तू ते डब्यांचे फोटो काढत बसली आहेस तेव्हा.

हाडाला ओझं लागतं ही काही आजची फॅशन नाही. यूलियुस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदाने 1892मध्ये लिहून ठेवलंय की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. टेनिस खेळणाऱ्यांचा रॅकेटवाला हात बघ. दोन्ही हातांचं वय एक, रक्त एक, खाणं एक, तरी त्या एका हाताचं हाड जाड असतं.

चालणं वाईट असं मी म्हणत नाही. हृदयाला चांगलं, डोक्याला चांगलं, मी अजून चालते. पण चालण्याने माझ्या मनगटाला काही काम पडलं नाही आणि पाठीच्या मणक्यांना नेहमीचंच पडलं. नेहमीच्या कामाने हाड जागचं हलत नाही. तुझ्या घड्याळातली ती दहा हजार पावलं कुठून आली ठाऊक आहे? 1965मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मापक' असं होतं. आकडा उच्चारायला छान वाटला, चिकटला. तू तो पूर्ण करायला रात्री घरातल्या घरात फेऱ्या मारतेस. तेवढ्याच वेळात ओझं उचल.

आता माझा मूर्खपणा सांगते, कारण तो तू करशील अशी मला भीती आहे. फिजिओथेरपीतल्या ताणायच्या पट्ट्यांची, डंबेलांची गोडी लागली तशी मला चढली. हाडांसाठी गोळी लिहून दिली होती, ती मी वर्षभर घेतली नाही. "मी माझ्या व्यायामाने बघून घेईन." व्यायाम म्हणजे काय, तर दोन किलोचं डंबेल पंचवीस वेळा, टीव्ही बघत. वर्षाने पुन्हा घनता मोजली, उणे 3. त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडून मी जिन्यात बसून राहिले. गोळी सुरू केली, आणि पहिल्यांदा खरोखरीच्या जड वजनाकडे वळले. हट्टाला दोन्ही हात असतात. एकाने मी स्वतःचं वर्ष घालवलं आणि दुसऱ्याने गेली अकरा वर्षं वजनांचा लोखंडी बार धरून ठेवलाय. आज टी-स्कोर उणे 2.5 आहे. गोळीने किती आणि वजनाने किती, ते वेगळं काढता येत नाही आणि मी काढायला जातही नाही.

हलकं वजन पंचवीस वेळा हा जो प्रकार आहे ना, बायकांना मुद्दाम हाच शिकवला जातो. गुलाबी डंबेल. ऑस्ट्रेलियात 2018मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला : हाडांची घनता कमी असलेल्या, पाळी गेलेल्या बायका, वय 58च्या पुढे. एका गटाने आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास भारी वजनं उचलली, एका वेळी जेमतेम पाच वेळा उचलता येतील अशी, शिकवणारा शेजारी उभा. दुसऱ्याने घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांत पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची 1.2 टक्क्यांनी घटली. शिकवणारा शेजारी उभा, हे शब्द दोनदा वाच. ठिसूळ हाडांच्या बाईने व्हिडिओ बघून एकटीने बार उचलायचा नाही. तू 31ची आहेस, तुझी हाडं ठीक असतील, तरी पहिले दोन महिने कुणाकडून तरी नीट शिकून घे.

काय करायचं ते साधं आहे, म्हणूनच तुला पटत नाही. आठवड्यातून दोन दिवस. बसून उठायचं, जमिनीवरून उचलायचं, ढकलायचं, ओढायचं आणि दोन्ही हातांत जड काही घेऊन चालायचं. वजन एवढं घ्यायचं की शेवटच्या दोन वेळेला तोंड वाकडं व्हावं. जमायला लागलं की थोडं वाढव. थोडंच, कारण स्नायू आठवड्यांत तयार होतात आणि स्नायूबंध महिने घेतात. जोशात येऊन दुखापत होते ती याच फरकापायी. तुझा गुडघा कटकट वाजतो म्हणून लिहिलंस. दुखत नसेल, सुजत नसेल, तर वाजू दे. दात घासताना एका पायावर उभी राहा, आज पंचवीस सेकंद सहज जमतील, म्हणून तर आज सुरू कर. प्रथिनं प्रत्येक जेवणात हवीत, आणि वय वाढेल तशी थोडी जास्तच, कारण म्हातारा स्नायू त्याच घासाला कमी दाद देतो. झोप. डब्यांचं उत्तर मिळालं असेलच.

बस, एवढंच. तीन तक्त्यांपैकी कुठला, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ज्यात ओझं उचलायचं आहे तो घे आणि सहा महिने बदलू नकोस.

घरात मला विक्षिप्त म्हणतात, तुझ्या मैत्रिणीसह. परवा गावाला निघताना मुलाने माझ्या हातातली बॅग ओढून घेतली. चौदा किलो असेल. मी ती परत ओढली, लोक बघायला लागले. तो म्हणाला, "आई, लोकांना वाटेल आम्ही तुला राबवतो." मी म्हटलं, वाटू दे. गाडीत दोघंही तासभर बोललो नाही. खरं तर मी जरा हळू आवाजात बोलायला हवं होतं. पण त्याला कळत नाही की बॅग काढून घेणं, खुर्ची पुढे सरकवणं, "तू बस, मी आणतो" हे सगळं म्हणजे ते प्लास्टर आहे. प्रेमाने घातलेलं, पण प्लास्टरच. माझ्या आईला आम्ही सगळ्यांनी मिळून असंच बसवलं. सत्तरीनंतर तिला काही म्हणून उचलू दिलं नाही. 74व्या वर्षी तिला हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना, आणि आम्ही म्हणत राहिलो, वय झालं. मी बॅगेवरून भांडते तेव्हा मुलाशी भांडत नसते, हे त्याला कधी सांगायला जमलेलं नाही. तुला सांगितलं.

1990मध्ये बॉस्टनला दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी भारी वजन ढकलायला लावलं होतं. वृद्धाश्रमातली माणसं, सरासरी वय 90. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. हा निकाल छापून आला तेव्हा माझी आई चांगली धडधाकट होती आणि मी तिशीत होते, तुझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. मला तो वाचायला मिळाला चोवीस वर्षांनी, प्लास्टर सुटल्यावर. तुला मी आज सांगतेय. "आता उतरणच ना" असं 31व्या वर्षी मला पुन्हा लिहू नकोस. मी ते वाक्य आईच्या खोलीत फार ऐकलंय.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला जिममध्ये असते. या मंगळवारी ये. मी सध्या जमिनीवरून 45 किलो उचलते. तू 20ने सुरू करशील, आणि पहिल्या दिवशी ते तुला फार हलकं वाटेल. तरी त्या दिवशी वाढवू देणार नाही. घड्याळ घरी ठेव. आणि ते जाड तळाचे मऊ बूट घालून येऊ नकोस, त्यात टाच डुलते. सपाट तळाचे नसतील तर अनवाणी उचल.

तुझी,
काकू