रिगिंग शिकताय? आधी एकच टूल धरा

रिगिंग म्हणजे थ्रीडी पात्राला हलवता येईल असा हाडांचा सांगाडा बसवणं. सुरुवात ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरपासून करा. फुकट आहे, तयार सांगाडे देणारं रिगिफायही त्यातच मिळतं. मिक्सामो या वेबसाइटवर हनुवटी, मनगटं, कोपरं, गुडघे आणि जांघेवर खुणा ठेवल्या की माणसाचा सांगाडा आपोआप बसतो. पण चार पायांचं पात्र तिथे चालत नाही, आणि वेट पेंटिंगची (कुठलं हाड पात्राचा कुठला भाग किती ओढेल ते रंगवून ठरवण्याची) सवय हाताला लागतच नाही. माया या विकतच्या सॉफ्टवेअरमधलं जिओडेसिक व्हॉक्सेल बाइंड (मेश, म्हणजे पात्राचा पृष्ठभाग, सांगाड्याला जोडायची पद्धत) तुकड्यातुकड्यांच्या मेशवरही छान काम करतं, पण त्यासाठी आत्ताच पैसे घालू नका.

बाइंड करण्याआधी एवढं कराच:

- कंट्रोल-ए दाबून मेश आणि आर्मेचर (हाडांचा सांगाडा), दोन्हींचं स्केल अप्लाय करा.
- मर्ज बाय डिस्टन्सने एकावर एक बसलेले व्हर्टेक्स (मेशचे बिंदू) काढा. आपोआप वेट देताना 'बोन हीट वेटिंग'ची एरर बहुतेकदा त्यांच्यामुळेच येते.
- कोपर-गुडघ्याला किमान ३ एज लूप (मेशच्या कडांची सांध्याभोवतीची कडी) हवेत.

मग कोपर ९० अंशात वाकवून बघा आणि तसंच ठेवून पेंट करा. सरळ हातावर चूक दिसतच नाही. ऑटो नॉर्मलाइज (हाडांच्या वेटची बेरीज आपोआप १ ठेवणारं सेटिंग) चालू हवं. नाहीतर एका हाडाचा वेट वाढवला तरी शेजारच्याचा तसाच राहतो आणि सांधा अर्धवट ओढला जातो. मनगट फिरवताना चॉकलेटच्या कागदासारखा पीळ पडला तर घाबरू नका, त्याला ट्विस्ट बोन (पीळ वाटून घेणारं जादा हाड) लागतं. ते पुढे बघू.