जर्मनीला निघण्यापूर्वी कामाचा लॅपटॉप कोणता आणि कुठे घ्यावा

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे : इंदूरच्या एका डिझाइन ऑफिसात तीन वर्षे रेव्हिट (इमारतींचे त्रिमितीय मॉडेल करण्याचे सॉफ्टवेअर) आणि ऑटोकॅड (आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर) यांवर काम केल्यानंतर येत्या ऑक्टोबरपासून तुम्ही श्टुटगार्टला स्थापत्य अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण सुरू करणार आहात, आणि त्यासाठी मॅकबुक एअर, थिंकपॅड टी१४ किंवा स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा एखादा हलका विंडोज लॅपटॉप यांपैकी कोणता घ्यावा, शिवाय तो इंदूरला घ्यावा की इथे आल्यावर, हे ठरत नाही. मी इंदूरच्या रामबागेतून इकडे जर्मनीत आले त्याला आठ वर्षे झाली आणि याच बाबतीत माझी निवड चुकली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला निर्णय तुमच्या सॉफ्टवेअरनेच घेऊन टाकला आहे. मॅकबुक एअर यंत्र म्हणून फार चांगले आहे. त्याला पंखा नाही, त्यामुळे ग्रंथालयात आवाज होत नाही, आणि बॅटरी दिवसभर पुरते. परंतु रेव्हिट फक्त विंडोजसाठी आहे. ऑटोकॅडची मॅकसाठी वेगळी आवृत्ती मिळते, आणि तेवढ्या आधारावर रेव्हिटही चालेल असे अनेक जण गृहीत धरतात, ते चूक आहे. इमारतींच्या रचनेचे गणित करणाऱ्या ईटॅब्स या सॉफ्टवेअरचेही तेच. स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपवर विंडोज असते हे खरे, पण तो प्रोसेसर आर्म जातीचा, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरपेक्षा वेगळ्या रचनेचा असतो आणि रेव्हिट तयार करणारी ऑटोडेस्क कंपनी त्यावर रेव्हिटला पाठबळ देत नाही. प्रबंधाचे मॉडेल सादर करायच्या आदल्या रात्री अशा अडचणीशी झगडण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये असे मला मनापासून वाटते.

राहिला टी१४. त्याच्या पाचव्या पिढीत रॅमसाठी दोन खाचे आहेत, म्हणजे आज १६ जीबी घेऊन पुढे स्वतः वाढवता येते. टी१४एस हा दिसायला त्याचाच भाऊ असला तरी त्यात रॅम बोर्डावर पक्की बसवलेली असते, तेव्हा दुकानात नावातल्या त्या शेवटच्या अक्षराकडे नीट लक्ष द्या. शक्य असेल तर ३२ जीबीच घ्या. रेव्हिटचे बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणन करणाऱ्या एका भागावर) चालते, म्हणून अधिक कोअरसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे रॅमवर खर्च केलेले बरे. इमारतींची रंगीत, हुबेहूब चित्रे काढण्याचे काम असेल तरच वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या थिंकपॅड पी१४एसचा विचार करावा. विद्यार्थी म्हणून ऑटोडेस्कचा परवाना मोफत मिळतो, पण तो शिक्षणापुरताच असतो. अर्धवेळ नोकरी मिळाली तर तिथले काम त्या ऑफिसच्याच यंत्रावर करावे.

आता कुठे घ्यावा हा प्रश्न. मी निघण्याच्या आठवड्यात सिल्व्हर मॉलमधून लॅपटॉप घेतला आणि वॉरंटी एक वर्षाची आहे एवढेच विचारले, ती कुठे लागू आहे हे विचारले नाही. सातव्या महिन्यात चार्जिंगचे पोर्ट ढिले झाले. वायर विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागायचा, म्हणून मी तिच्याखाली जर्मन शब्दकोश सरकवून ठेवत असे, आणि शब्दकोश हलला की चार्जिंग बंद. इथल्या सेवा केंद्रात सांगण्यात आले की ही वॉरंटी भारतापुरती आहे. शेवटी सुटीवर इंदूरला जाणाऱ्या एका परिचितांबरोबर लॅपटॉप पाठवला आणि तो परत येईपर्यंत जवळजवळ तीन महिने विद्यापीठाच्या सामायिक संगणकांवर काढले.

त्या संगणकांचा कीबोर्ड जर्मन होता. त्यात झेड आणि वाय या अक्षरांच्या जागा उलट असतात, त्यामुळे केलेली चूक मागे घ्यायला सवयीने कंट्रोल-झेड दाबावे, तर प्रत्यक्षात कंट्रोल-वाय दाबले जाते आणि मागे घेतलेलीच गोष्ट पुन्हा होते. ईमेलमधले ॲट हे चिन्ह क्यूच्या कळीवर, स्पेसबारच्या उजवीकडची आल्टजीआर ही कळ दाबून मिळते. भाषा सेटिंगमध्ये बदलता येते, पण लांबट एंटर आणि डाव्या शिफ्टशेजारची जादा कळ तशीच राहते. ज्यांचे हात तीन वर्षे शॉर्टकटवर चालले आहेत, त्यांच्यासाठी ही बाब किरकोळ नाही.

इथे खरेदी करण्याच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे : युरोपीय संघाच्या कायद्याप्रमाणे नव्या वस्तूतील दोषांसाठी विक्रेता दोन वर्षे जबाबदार असतो. किमतीचा मुद्दा मात्र मी फारसा मानत नाही, कारण तिकडे जीएसटी १८ टक्के आणि इथला कर १९ टक्के आहे. तरीही ओळखीचा कीबोर्ड आणि पहिल्या दिवसापासून हाताशी यंत्र, या दोन गोष्टींसाठी मी तुम्हाला इंदूरलाच घ्या असे सांगेन, पण आंतरराष्ट्रीय वॉरंटी असेल तरच. थिंकपॅडसाठी ती सोय आहे. पैसे देण्यापूर्वी त्याच यंत्राचा सीरियल क्रमांक थिंकपॅड बनवणाऱ्या लेनोव्हो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून स्वतः खात्री करा, आणि परवडत असेल तर मुदत तीन वर्षांची करून घ्या. खरेदी मार्चमध्येच उरका. काही दोष असेल तर तो तुम्ही इंदूरला असतानाच बाहेर येईल, शिवाय घर बदलून युरोपीय संघात येणाऱ्यांना किमान सहा महिने वापरलेल्या सामानावर सीमाशुल्काची सवलत मिळते.

विजेची चिंता नको, दोन्हीकडे २३० व्होल्टच आहेत. फक्त आपली तीन पिनांची वायर इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. अडॅप्टरमधून सुटी होणारी वायर असेल तर इथे तेवढीच विकत घ्या. बिलावर तुमचे नाव पासपोर्टप्रमाणे आणि सीरियल क्रमांक पूर्ण लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत घरी आईवडिलांकडे ठेवा.