घरपट्टी, शाळा आणि तुमचं मत

अमेरिकेत घर घेतलेल्या वाचकांची पत्रं वर्षातून दोनदा गठ्ठ्याने येतात: एकदा घरपट्टीचं बिल आलं की, आणि एकदा शाळेसाठी कर वाढवू का असं विचारणारी मतपत्रिका आली की. या वेळी दुसऱ्या गठ्ठ्यातली काही, आणि एक पुण्याचं.

प्रश्न : आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचे (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे) दोन प्रस्ताव एकाच मतपत्रिकेवर होते. लेव्हीला ५३ टक्के मतं पडली, ती मंजूर. बाँडला ५७ टक्के पडली, तो नामंजूर! ही कुठली मोजणी?

मोजणी बरोबर आहे, नियम दोन आहेत. तिथले लोक सोपं करून सांगतात : लेव्ही शिकवायला, बाँड बांधायला. राज्याच्या पैशात न भागणारा चालू खर्च, म्हणजे जादा समुपदेशक, नर्स, खेळ, संगीत, हा लेव्हीतून निघतो. (संगणकांसाठी आणि डागडुजीसाठीही वेगळी लेव्ही असते.) नवी इमारत उभी करायची तर कर्ज काढावं लागतं. तो बाँड, आणि त्याचे हप्ते पुढे वर्षानुवर्षं तुमच्या घरपट्टीतून जातात.

२००७ पर्यंत लेव्हीलाही ६० टक्के मतं लागत. त्या वर्षी मतदारांनी राज्यघटना दुरुस्त करून ती अट साध्या बहुमतावर आणली. बाँडची ६० टक्क्यांची अट मात्र राहिली. शिवाय मागच्या सार्वत्रिक निवडणुकीत जेवढी मतं पडली, त्याच्या किमान ४० टक्के मतं या वेळी पडली पाहिजेत, हीसुद्धा अट आहे. ५७ जणांना हवी असलेली शाळा ४३ जण अडवू शकतात, हे मला पटत नाही. पण कर्ज पुढच्या पिढीच्याही माथी बसतं म्हणून खबरदारी जास्त, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, “घराची किंमत दीडपट झाली, म्हणजे लेव्हीही दीडपट.” तसं नाही. मतदार मंजूर करतात ती दरवर्षी गोळा करायची एकूण रक्कम, दर नव्हे. सगळ्यांची घरं सारखीच महागली तर दर खाली येतो आणि तुमचा वाटा जवळपास तोच राहतो. इतरांपेक्षा तुमचं घर जास्त महागलं, तरच तुमचा वाटा वाढतो.

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये आम्ही नुकतंच १५ लाख डॉलरना घर घेतलं. शेजारच्या आजी-आजोबांचं घर अगदी तसंच, पण ते १९८५ पासून राहतात आणि आमच्या एक तृतीयांशही कर भरत नाहीत. आता शाळेच्या पार्सल टॅक्सला आम्ही ‘हो’ का म्हणावं?

कॅलिफोर्नियाची सगळी गोष्ट १९७८ च्या जूनमध्ये सुरू होते. त्या महिन्यात मतदारांनी प्रपोझिशन १३ (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) मंजूर केलं. मूळ कर घराच्या मूल्यांकनाच्या १ टक्का, त्याहून जास्त नाही. हे मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. बाजारभावाला ते पुन्हा येतं ते घर विकलं गेलं की. आजोबांनी १९८५ मध्ये २ लाखांना घर घेतलं असेल, तर चाळीस वर्षं २ टक्क्यांनी वाढूनही त्यांचं मूल्यांकन आज साधारण ४ लाख ४० हजार. त्यांचा मूळ कर ४,४०० डॉलर, तुमचा १५,०००. भिंत एक, नळ एक, शाळाही एकच.

पण तुमचा राग चुकीच्या जागी निघतोय. पार्सल टॅक्स घराच्या किमतीवर नसतो. तो बहुतेक ठिकाणी दर मालमत्तेमागे ठरावीक रक्कम असतो. म्हणजे तुम्ही आणि आजोबा ज्या करात सारखेच आहात, तो नेमका हाच! कर म्हणून तो मला फारसा आवडत नाही, कारण छोट्या कॉन्डोला (फ्लॅटला) आणि टेकडीवरच्या बंगल्याला एकच आकडा. तुमच्यापुरता मात्र तो प्रपोझिशन १३ पेक्षा न्यायी आहे. शाळेच्या बाँडचा बोजा उलट मूल्यांकनावर पडतो, त्यामुळे तिथे नव्याने आलेल्यांनाच जास्त कात्री लागते.

आता यातली मेख. पार्सल टॅक्समधून ६५ वर्षांवरच्यांना सूट देण्याची मुभा डिस्ट्रिक्टला असते आणि अनेक डिस्ट्रिक्ट ती देतात, मागणाऱ्याने अर्ज करायचा. त्यामुळे तुमचे शेजारी कदाचित तेही भरणार नाहीत. ही सूट उदारपणापोटी असते तशीच हिशेबानेही असते. पार्सल टॅक्सला दोन तृतीयांश मतं लागतात आणि ज्येष्ठ मंडळी मत द्यायला विसरत नाहीत. बाँडला २००० सालच्या प्रपोझिशन ३९ पासून ५५ टक्के पुरतात, पण तो पैसा पगारावर खर्च करता येत नाही आणि त्यावर नागरिकांची देखरेख समिती नेमावी लागते.

प्रश्न : फ्रिस्को, टेक्सस. एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहोत. घर आमचं, कर आमचा, मुलगी त्याच शाळेत, पण मत नाही. काहीच करता येत नाही का?

मत नाही, ग्रीन कार्ड आलं तरी नाही. आणि एक धोका आधी सांगतो. ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जात मतदार नोंदणीचा रकाना असतो, तिथे सवयीने ‘हो’ची खूण करू नका. नागरिक नसताना नोंदणी किंवा मतदान केलं, तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकतो, देशाबाहेर काढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

स्कूल बोर्डाच्या सभेत मात्र बोलता येतं. पगार न घेता प्रचाराला मदतही करता येते, फक्त उमेदवाराला पैसे देऊ नका. टेक्ससमध्ये शाळेच्या बाँडच्या मतपत्रिकेवर ‘ही मालमत्ता करात वाढ आहे’ हे वाक्य २०१९ च्या कायद्याने सक्तीचं आहे, कराचा दर तोच राहणार असला तरी. ते वाचूनच कितीतरी लोक ‘नाही’ म्हणतात. मत असलेल्या शेजाऱ्यांना हे समजावून सांगणं हेही काम आहे.

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सी. आमच्याकडे घरपट्टी एवढी, मग शाळेच्या बजेटवर मत का नाही?

बजेटसाठीची करवाढ २ टक्क्यांच्या मर्यादेत असेल आणि बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होत असेल, तर विचारावं लागत नाही. त्यापलीकडे जायचं झालं तरच वेगळा प्रश्न मतदारांपुढे येतो.

प्रश्न : मुलगी अमेरिकेतून सांगते की तिथे लोकांना विचारून शाळेचा कर लावतात. आमच्या पुण्यातल्या बिलात ‘शिक्षण कर’ असतोच. आम्हाला कधी विचारलं?

नाही विचारलं. तो राज्याच्या १९६२ च्या कायद्याने येतो. महापालिका गोळा करते आणि राज्याकडे भरते. तो रद्द झाला म्हणून तुमच्या गल्लीतली शाळा बंद पडणार नाही, कारण जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांचे पगार राज्याच्या तिजोरीतून होतात. अमेरिकेत मतदारांनी ‘नाही’ म्हटलं की पुढच्या वर्षी त्याच शाळेतला संगीत शिक्षक जातो.

पण मुलीला हेही विचारा, तिथे आयकर किंवा संरक्षणाचा खर्च असा दरवेळी मतदारांपुढे येतो का? शाळेचा येतो, म्हणून सगळ्या करांचा राग मतपत्रिकेवरच्या त्या एका चौकटीत काढणारे बरेच भेटतात. पुण्यात ती चौकटच नाही. बिल उशिरा भरलं तर दरमहा २ टक्के शास्ती मात्र न विचारता लागते, तेव्हा मुदतीच्या आत भरून सवलत घ्या.